तारेवरची वेळ

अकोल्यात घड्याळदुरुस्ती शिकून देवमननं एकोणीसशे सत्तावन्न साली स्टेशनाजवळ छोटं दुकान टाकलं. गाव अकोला-अमरावतीच्या मधलं. बाप जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेला. असलं नाजूक काम हाती घेणारा घरातला हा पहिलाच. याला जमेल का, असं तोंडावर म्हणणारे पुष्कळ होते.

दुरुस्त केलेलं घड्याळ लावायचं तर खरी वेळ हवी. ती स्टेशनावर मिळे. रोज दुपारी चारला तारयंत्रावर वेळ येई आणि तारबाबू पंजाबराव त्यावर आपलं मनगटी घड्याळ लावी. पंजाबराव शाळेपासूनचा दोस्त, देवमनच्या ताटात जेवलेला. पाचच्या सुमारास देवमन खिडकीशी जाई, पंजाबराव मनगटाकडे पाहून वेळ सांगे, आणि तीच गावभर चाले.

मग तक्रारी येऊ लागल्या. दवाखान्यातल्या नर्स केशरबाईंची अमरावतीची गाडी पाच-सहा मिनिटांनी हुकली. देवमननं त्यांचं घड्याळ तीनदा खोललं. दोष सापडेना. पुढच्या खेपेला बाईंचं घड्याळ दुरुस्तीला अकोल्याला गेलं. मागोमाग आणखी चार गिऱ्हाइकं गेली. देवमनला स्वतःच्याच हातांची शंका येऊ लागली.

एके दिवशी तो चारच्या आधीच खिडकीशी पोचला. तारयंत्र कडकडलं, थांबलं. खुर्ची रिकामी. पंजाबराव मागच्या खोलीत पत्ते खेळत होता. पंधरा मिनिटांनी तो आला, मनगटाकडे पाहिलं आणि आत्ताच तारेवर मिळवली म्हणून वेळ सांगितली.

"मी इथंच उभा होतो," देवमन म्हणाला. "कधीपासून असं करून राहिला तू?"

दिवाळीपासून, पंजाबरावानं हसत सांगितलं. पाच मिनिटांनं कोनाचं काय अडते?

"मले वाटलं, माहे हातच खराब हायेत."

एवढं बोलून देवमन वळला. 

दुसऱ्या दिवसापासून तो मेलगाडीच्या गार्डाला वेळ विचारू लागला. केशरबाईंना त्यानं चूक आपलीच होती म्हणून सांगितलं. पंजाबरावाचं नाव घेतलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. घड्याळ मात्र अकोल्यालाच जात राहिलं.

उन्हाळ्यात पंजाबराव आपलं बंद पडलेलं घड्याळ घेऊन आला. देवमननं ते नीट केलं, चावी दिली आणि काटे होते तिथेच ठेवून घड्याळ त्याच्यापुढे सरकवलं.

"वेळ तुमीच लावून घ्या."

"मले तुमी काहून म्हनून राहिला बे?"

देवमन दुसरं घड्याळ खोलू लागला. पंजाबराव मजुरी ठेवून निघून गेला. पुन्हा तो दुकानाकडे फिरकला नाही, आणि देवमननंही त्याला कधी बोलावलं नाही.