नववा फर्मा

भावजींनी अकरा वर्षांत सात अद्भुत कादंबऱ्या लिहिल्या आणि सातही कादंबऱ्यांत एक अनाथ मुलगा होता. पहिल्या तिन्हींत तो शेवटी राजपुत्र निघतो. चौथीत निघत नाही, पण ते घाईत राहून गेलं होतं. पाचवीच्या पहिल्याच पानावर निघतो. मुलाबरोबर नेहमी एक म्हातारा असे, म्हाताऱ्याला दाढी असे आणि दाढीला इतिहास असे. हे सगळं कुठून येतं असं कोणी विचारलं तर भावजी शांतपणे म्हणत, "जिथून सगळ्यांचं येतं तिथून."

वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. त्यामुळे प्रत्येक प्रकरण आधी वहिनींना ऐकावं लागे. त्या ऐकत, कारण हात तेव्हा भाजी निवडण्यात गुंतलेले असत आणि कान रिकामे असत. शिवाय पुस्तक छापून बांधायला त्यांच्याच छापखान्यात जाई. तिथल्या बाइंडिंगच्या टेबलावर त्या बावीस वर्षं उभ्या होत्या. छापलेला मोठा कागद घडी घालून सोळा पानांचा होतो, त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे क्रमाने एकावर एक लावायचे आणि मग शिवायचे, हे त्यांचं काम. बावीस वर्षांत एक तक्रार नाही.

सोमवारी संध्याकाळी भावजी स्वयंपाकघरात आले ते तरंगतच.

"वहिनी, सिनेमा! फिल्म कंपनीतल्या बाईंचा फोन होता. गुरुवारी पाच वाजता करार घेऊन घरीच येतायत. आणि त्यांना सगळ्यात काय आवडलं माहितेय? दातांचं दार!"

"कसलं दार?"

"दातांचं हो. डोंगरात एक दार असतं, त्याला जबडा असतो. मुलाने मेणाच्या गोळ्याला चावा घ्यायचा. चाव्याची खूण बघून दार ओळखतं की हा राजाचाच मुलगा. कारण राजाचाही वरचा एक दात असाच तिरका असतो. बाई म्हणाल्या, पंचवीस वर्षं मी असली पुस्तकं वाचतेय, पण असं दार कुठे पाहिलं नाही."

वहिनींच्या हातातली मटाराची शेंग तशीच राहिली.

"भावजी, तुमचं दार अंगठीने उघडत होतं. तुम्ही वाचलं तेव्हा मी मटारच सोलत होते. अंगठी चमकते आणि दार उघडतं. मी म्हटलंसुद्धा, अहो, मागच्या पुस्तकातही अंगठीच होती. तर म्हणालात, ती डाव्या हातातली होती."

"मग नंतर बदललं असेल मी."

"कधी?"

भावजींनी उत्तराऐवजी पुस्तकच आणलं. पान एकशे एकोणतीस. जबडा होता, मेण होतं, तिरका दातही होता.

"बघा. छापलंय."

"छापलंय ते दिसतंय मला. लिहिलंय कोणी?"

भावजी दुखावले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगू? परवा वाचलं तेव्हा मीही थबकलो. म्हटलं, हे आपण कधी लिहिलं? पण इतक्या ठिकाणांहून इतकं आणलेलं असतं, सगळं कुठे लक्षात राहतं? आणि वाचताना आवडत गेलं. म्हटलं, असेल. अकरा वर्षं लिहितोय, माणूस कधीतरी सुधारणारच की."

वहिनींचं लक्ष पानाच्या आकड्यावर होतं. आठ सोळे एकशे अठ्ठावीस. म्हणजे नववा फर्मा बरोब्बर इथेच सुरू होतो.

मंगळवारी छापखान्यात गेल्या गेल्या त्यांनी जुनी नोंदवही काढली. भावजींच्या पुस्तकाच्याच आठवड्यात आणखी एक अद्भुत कादंबरी बांधून गेली होती. तोच आकार, तोच कागद, तोच टाइप, प्रतीही तितक्याच, पाचशे. कपाटातली तिची प्रत उघडली. एकशे एकोणतिसाव्या पानावर भावजींची अंगठी चमकत होती. दोन्ही पुस्तकांच्या नवव्या फर्म्यांच्या थप्प्या त्यांच्याच हातून एकमेकींच्या जागी लागल्या होत्या.

आता खरं तर त्यांना घाम फुटायला हवा होता. थोडा फुटलाही. पण त्याहून मोठं कुतूहल आड आलं. एक हजार पुस्तकं बाहेर गेली आणि एकाही माणसाला पत्ता नाही, हे झालं कसं? त्या स्टुलावर बसून दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी लावून वाचू लागल्या. दोन्हींत मुलगा म्हाताऱ्याबरोबर वेष बदलून चालला होता आणि स्वतःचं नाव उच्चारायचं नाही अशी दोन्हींत शपथ होती. त्यामुळे नाव आडवं येण्याचा प्रश्नच नव्हता. दोन्हींत एकशे अठ्ठाविसावं पान "मुलाने म्हाताऱ्याकडे पाहिले आणि" इथे संपत होतं. दोन्ही नववे फर्मे "दार उघडले आणि आत" इथे संपत होते. पुढचं पान कुठल्याही पुस्तकाचं लावा, शिवण दिसत नव्हती.

त्यांनी मालकांना सगळं सांगितलं. मालकांनी चष्मा कपाळावर नेला.

"कोणाची तक्रार आली?"

"नाही."

"लेखकांची?"

"नाही."

"मग चूक कुठे झाली?" म्हणाले आणि पुन्हा बिलं तपासू लागले.

भावजींना मात्र वहिनींनी संध्याकाळी दोन्ही पुस्तकं समोर ठेवून सांगितलं. भावजींनी आधी दोन्हींतली पानं ताडून पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे मी सुधारलो नाही."

"तसं नाही हो..."

"तसंच आहे. वहिनी, गुरुवारपर्यंत हे कोणाला कळू देऊ नका. एकदा सही झाली की मी बघतो. अकरा वर्षं थांबलोय."

"मी कशाला कळवायला जाऊ? पण उद्या सुट्टी टाकून त्या माणसाला बघून येणार आहे. असं दार कोणाच्या डोक्यात येतं, ते मला बघायचंय."

"बघून काय करणार?"

"काही नाही. बघणार."

बुधवारी त्या निघाल्या तेव्हा भावजी दारात चपला शोधत होते. कुठे जायचंय ते त्यांनी सांगितलं नाही, वहिनींनी विचारलं नाही, दोघं बरोबरच निघाले.

त्या दुसऱ्या पुस्तकातला लेखकाचा पत्ता एका दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीचा निघाला. आत भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. प्रत्येकावर पेन्सिलीने आडनाव आणि तारीख. छोट्या बर्नरवर गुलाबी मेण वितळत होतं. एक टकले गृहस्थ डोळ्याला भिंग लावून एका कवळीचा सुळा घासत होते. असं दार कुठून सुचलं, हे त्यांना विचारायची गरजच उरली नव्हती.

"जबडे ठेवून जा, कवळ्या शुक्रवारी मिळतील," ते मान वर न करता म्हणाले.

वहिनींनी आपण कोण ते सांगितलं आणि नववा फर्मा पुढे ठेवला. कवळीवाल्यांनी भिंग काढलं.

"हो, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणारच होतो. पण मुलीने वाचलं आणि म्हणाली, बाबा, या भागात काय मस्त वेग आलाय! मग कसा बोलू?" त्यांनी भावजींकडे पाहिलं. "ती अंगठी तुमची का?"

"माझी म्हणजे..." भावजी म्हणाले. "माझ्याकडे होती."

"तिच्यामुळे गोष्ट छान पळते."

भावजी इतक्या दिवसांत पहिल्यांदा लाजले. निघताना वहिनींनी कवळीवाल्यांना गुरुवारी पाच वाजता चहाला बोलावलं. भावजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की वहिनींनी वाटभर दुकानांच्या पाट्या वाचल्या.

गुरुवारी बाई वेळेवर आल्या. एका हातात पिशवीभर अद्भुत कादंबऱ्या, दुसऱ्या हातात करार. त्यांनी कागद भावजींसमोर ठेवले, कुठे कुठे सही करायची तिथे चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. भावजींनी पेनचं टोपण काढलं. कवळीवाले कोपऱ्यात खुर्चीच्या कडेला बसून चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किट तुटून कपात पडलं, ते त्यांनी निमूटपणे चमच्याने काढलं. भावजींनी ते पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"बाई, ते दातांचं दार माझं नाही. यांचं आहे." आणि त्यांनी फर्म्याची सगळी हकिगत सांगून टाकली.

वहिनींना वाटलं, आता छप्पर कोसळणार. बाईंनी फक्त मान हलवली.

"एवढंच ना? घालू की दोघांची नावं. तसेही दात राहणार नाहीयेत."

"म्हणजे?"

"मला आवडलं म्हणून मी कंपनीत वर कळवलं. वरच्यांनाही खूप आवडलं. म्हणून त्यांनी ते बदललं. प्रेक्षक थेटरात काहीतरी खात बसलेले असतात, समोर जबडा नको म्हणाले. अंगठी करू."

भावजींनी पेनला टोपण लावलं.

"दात राहतील असं लिहून द्या. नाहीतर सही नाही."

"अहो, तुमच्याच पुस्तकात आधी अंगठी होती म्हणालात ना?"

"म्हणूनच. अंगठी मी सातदा वापरलीय. तिने दार उघडतं, बाकी काही होत नाही."

"बघा हं. माझ्या यादीत आणखी नऊ लेखक आहेत. नऊही जणांकडे अंगठी आहे."

"मग तुमची सोय झालीच की."

बाईंनी कागद गोळा केले, चिठ्ठ्यांसकट, आणि नमस्कार करून निघून गेल्या. दार लागलं. भावजी ताठ बसले होते. कौतुक व्हावं अशी त्यांची अपेक्षा असावी.

"अहो, काय केलंत हे!" कवळीवाले उसळले. "मला विचारायचं तरी!"

"तुमच्यासाठीच केलं!"

"मी अंगठी चालवून घेतली असती. दात पुढच्या पुस्तकात घातले असते."

"तेच पुन्हा?"

"माझंच ना? स्वतःचंच चोरलं तर पकडायला कोण येतंय?"

भावजींनी कपाळाला हात लावला. "सात पुस्तकं लिहिली, पण हे मला कधी सुचलं नाही."

वहिनींना हसू आवरेना. त्यांनी तोंडाला पदर लावला, तेवढ्यात बेल वाजली. दारात त्याच बाई उभ्या होत्या, धापा टाकत.

"दोन मजले उतरले होते," त्या म्हणाल्या. "या पुस्तकात दार उघडतं आणि आत तलवार असते. ती कोणाची?"

"ती माझी," भावजी म्हणाले.

"वाटलंच. मग यांच्या दाराच्या आत काय असतं?"

"म्हणजे करार..."

"करार राहू द्या हो. वरच्यांना मी विचारीन किंवा नाही विचारणार, ते नंतर बघू. आधी हे सांगा."

कवळीवाल्यांनी घसा खाकरला. वहिनींनी बाईंना खुर्ची सरकवली. भावजींनी आपली खुर्ची बाईंच्याही पुढे नेली.

"आत एक लांब बाक असतो," कवळीवाले म्हणाले. "आणि त्यावर मुलाच्या आधी तिघं येऊन बसलेले असतात."

"कोण?" तिघांनीही एकदम विचारलं.