फेट्याचे टोक

हृषीकेशने फेट्याचे टोक दोन्ही मुठींत धरले आणि तो मागे मागे सरकत थेट हॉलच्या दारापर्यंत गेला. दुसऱ्या टोकाला आबासाहेब चुण्या घालत होते. नऊ मीटर केशरी कापड दोघांच्या मध्ये ताणलेले होते आणि खुर्च्या लावणारी पोरे त्याखालून वाकून ये-जा करत होती.

"ढिलं सोडू नको," आबासाहेब म्हणाले. "एकदा का चुणी मोडली की पयल्यापासनं."

"सोडलं नाही, आबा."

"आन् नाव पुकारलं की सरळ खुर्चीत यून बसायचं. इचार करत हुबं ऱ्हायचं न्हाय."

हृषीकेशने मूठ आणखी आवळली.

जेऊर आणि आसपासच्या गावांतून सोलापुरात येऊन राहिलेल्यांचे हे मंडळ. गणपती उठले की पुढच्या एखाद्या रविवारी जुळे सोलापुरातल्या या हॉलमध्ये, त्या वर्षी पदवी मिळालेल्या मुलामुलींचा सत्कार होई. मुलांना फेटा, मुलींना खणनारळ, हा शिरस्ता पहिल्या वर्षापासूनचा. बांधून आणलेला तयार फेटा अध्यक्ष आबासाहेबांना चालत नसे. ती टोपी झाली, असे ते म्हणत. प्रत्येक मुलाला मंचावर बसवून, सर्वांच्या देखत, ते स्वतः फेटा बांधत. त्यासाठी दुसरे टोक ताणून धरणारा माणूस लागतो. वेढे पडत जातात तसा तोही पुढे सरकत जातो. हे काम पुतण्या हृषीकेशचे. तो चौथीत होता तेव्हापासूनचे.

यंदा आबासाहेबांनी नेहमीप्रमाणे डझनभर फेटे आधीच आणून ठेवले आणि मग नावे आली. अकरा मुली. मुलगा एकही नाही.

त्यांनी घरोघर फोन लावले. शिवराजने दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडून भवानी पेठेत मोबाइलचे दुकान टाकले होते. सयाजी पोलीस भरतीसाठी मैदानावर पळत होता, आणि पुस्तकाचे नाव काढले की जास्तच जोरात पळत होता. आणखी दोघे पुण्यात पार्सल पोचवत होते आणि खुशीत होते. मुलींचे उलटे. शिकते आहे तोवर पाहुणे दारात येत नाहीत, हे त्यांना वेळीच उमगले होते. बी.एस्सी. झाली की एम.एस्सी., ती झाली की बी.एड. अंकिताच्या आईने तर फोनवर, पोरगी थांबतच नाही, अशी तक्रार केली. पण आवाज तक्रारीचा नव्हता.

गावाकडून सत्काराला येणारी माणसे निव्वळ टाळ्या वाजवायला येत नसत. कुणाचा मुलगा कुणाच्या मुलीला शोभेल, याचा अंदाज पहिल्या रांगेतच घेतला जाई. मंचावर सगळ्या मुली आणि खुर्च्या उचलायला सगळी मुले, हे आबासाहेबांना बघवणारे नव्हते. एक तरी मुलगा हवा होता. तो घरातच सापडला.

हृषीकेशचा बी.कॉम.चा एकच विषय राहिला होता, कॉस्टिंग. आधी एक वर्ष गळाल्यामुळे तो धाकट्या बहिणीच्या, ओवीच्या, वर्गात येऊन बसला होता. ती पास झाली. पेपरच्या आदल्या दिवशी त्याने बार्शीच्या एका लग्नात सगळ्या वऱ्हाडाला फेटे बांधले होते, आणि दुसऱ्या प्रश्नावर त्याचा डोळा लागला.

"एक इषय म्हंजे काय?" आबासाहेब घरी येऊन म्हणाले होते. "दोरी वळून झालीय, निस्ती गाठ मारायची राहिलीय. कुणाला सांगायचं न्हाय."

हृषीकेशचे वडील गंगाधर थोरल्या भावापुढे बोलत नसत. त्यांनी वर्तमानपत्राचे पान उलटले. आबासाहेब गेल्यावर ओवीने भावाच्या ताटात भाकरी वाढली.

"बस की खुशाल," ती म्हणाली. "पण पुढच्या वर्षी खरा पास झालास की कुठं बसशील?"

एका पदवीचा फेटा मंडळ दोनदा बांधत नाही. त्या दिवसापासून हृषीकेशच्या डोक्यात तेवढेच घोळत होते.

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. पदवी नसली तरी माइक शिवराजकडे होता आणि तो त्याला शोभत होता. त्याने पहिले नाव पुकारले. बी.कॉम. पदवीधर, चिरंजीव हृषीकेश गंगाधर. टाळ्या झाल्या. मंचावर रिकामी खुर्ची होती. खुर्चीमागे आबासाहेब चुण्या पकडून उभे होते, आणि मंचाच्या दुसऱ्या कडेला कापडाचे टोक धरून हृषीकेश उभा होता.

"ये की," आबासाहेब म्हणाले.

"टोक कोण धरणार, आबा?"

आबासाहेबांनी आधी कापडाकडे पाहिले, मग खुर्चीकडे. इतकी वर्षे ज्याने टोक धरले त्यालाच त्यांनी खुर्चीत बसवायचे ठरवले होते, आणि या दोन गोष्टी एका माणसाला एकाच वेळी करता येत नाहीत, हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. मदतीला शिवराज माइक ठेवून धावला. त्याने टोक धरले तसे कापड सैल पडले, साऱ्या चुण्या उलगडल्या आणि फेटा मंचभर पसरला. हॉल हसला. हृषीकेशने टोक परत घेतले. आबासाहेब पहिल्यापासून चुण्या घालू लागले.

तेवढ्यात मुलींच्या रांगेतून ओवी पुढे आली.

"मी धरते, दादा. दे."

हृषीकेशने मूठ सोडली नाही.

"तू बस," तो म्हणाला. मग आबासाहेबांकडे वळून, नेहमीच्या आवाजात, "आबा, माझा एक विषय राहिलाय. ही पास आहे."

पहिल्या रांगेने ते ऐकले. पहिली रांग जे ऐकते ते शेवटच्या रांगेत पोचायला माइक लागत नाही.

आबासाहेबांचे कान लाल झाले. ताणलेले कापड हातातून सोडता येत नव्हते आणि हाताची घडी घालून रागावताही येत नव्हते. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी शिवबाईंनी पदर सावरला.

"बांदा की आता," त्या म्हणाल्या. "कापड धरून किती येळ हुबं ऱ्हाताय? हात भरून येतील."

"अंबाडा हाय तिला."

"सोडंल."

ओवीने केसांतला क्लचर काढून काकूंच्या हातात दिला आणि खुर्चीत बसली. आबासाहेबांनी क्षणभर तिच्या डोक्याकडे, मोजमाप घ्यावे तसे पाहिले. मग पहिला वेढा घातला. हृषीकेश एकेक पाऊल पुढे सरकू लागला. केस मोकळे होते, पहिले दोन वेढे निसटले. तिसऱ्याला आबासाहेबांनी जीभ दातांत धरली आणि वेढा बसला. कापड संपत आले तेव्हा हृषीकेश बहिणीच्या कानाशी पोचला होता.

"कॉस्टिंग शिकवशील?"

"मान हलली तर फेटा सुटेल," ओवी समोर बघत म्हणाली. "घरी गेल्यावर विचार."

तुरा उभा राहिला. टाळ्या या वेळी बऱ्याच लांबल्या. आबासाहेब दुसरा फेटा उलगडतात तोवर अंकिताने क्लचर काढलेलाही होता. त्यानंतर कुणी काही ठरवले नाही. एकेक मुलगी आली, बसली, तुरा घेऊन उठली आणि खणनारळ घ्यायला शिवबाईंकडे गेली. शिवबाईंची ओंजळ क्लचर आणि पिनांनी भरली, तेव्हा त्यांनी पदर पसरला.

"पोरींना फेटं," गावाहून आलेले बापूसाहेब मागून म्हणाले, "मग आमच्या पोरास्नी नारळ द्या म्हंजे झालं."

सगळ्यात मोठ्याने शिवराज हसला, तेही माइकवर.

जेवणे उरकली. हॉल रिकामा होऊ लागला. आबासाहेब मंचावर एकटेच बसले होते, मांडीवर उरलेला एक फेटा. हृषीकेश खुर्च्या रचत होता. तो जवळून जाताना त्यांनी विचारले,

"पेपर कवा हाय?"

"नोव्हेंबरात."

"त्या वक्ताला लग्नाच्या तारखा धरल्यास तर बग."

"नाही धरत."

आबासाहेबांनी फेटा झटकला. हृषीकेशने खुर्च्या खाली ठेवल्या आणि सवयीने हात पुढे केला.

"तू न्हाय," ते म्हणाले. "तू खुर्च्या उचल. ओवे, हिकडं ये. धर."

ओवी आली. डोक्यावरचा फेटा तिने अजून काढला नव्हता. तिने टोक धरले आणि मागे सरकू लागली.

"आसं न्हाय. आंगठा आत घे. मी वढीन तसं तू पुडं यायचं, घाई करायची न्हाय."

ती थेट दारापर्यंत गेली. कापड ताणले गेले. आबासाहेबांनी पहिली चुणी घातली.

"ढिलं सोडू नको."

"सोडत नाही, आबा."

हृषीकेश चार खुर्च्या घेऊन कापडाखालून वाकून गेला. त्याचे डोके कापडाला घासले आणि दोनतीन चुण्या मोडल्या. आबासाहेबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.