उजव्या मांडीतून डाव्या गुडघ्यात

मी रामदासच्या उजव्या मांडीतली शीर बोलतेय. सध्या माझा मुक्काम त्याच्या डाव्या गुडघ्यामागे आहे.

जन्मले त्याच्याबरोबरच, नायगावच्या चाळीत. काम एकच, पायातलं रक्त वर हृदयाकडे न्यायचं. शिवडीच्या गोदामात तो उभ्याने राबला, बिड्या ओढल्या. माझी आठवण त्याला कधी झाली नाही. न दुखणारी शीर कुणाला आठवते?

दुखू लागला तो डावा गुडघा. मागे लिंबाएवढी गाठ आली, हाताखाली टकटक उडायची. चाळीत अशा दुखण्याचं नाव ठरलेलंच. शेजारचे बुधाजी तेलाची वाटी घेऊन आले.

"रामदासा, शिरेवर शीर चढलीय. पालथा पड, उतरवतो."

"भाऊ, पण ती उडतेय," त्याची बायको कांता म्हणाली.

"उडू दे की! दम आहे अजून तुझ्या नवऱ्यात."

सगळे हसले, रामदासही. आम्ही शिरा एकमेकींवर चढत नाही, आणि उडते ती धमनी, हे मी कुणाला सांगणार?

बुधाजींनी अंगठा रोवला आणि रामदास किंचाळला. पोटरी बघता बघता टम्म झाली, काळीनिळी पडली. पाऊल गार.

परळच्या इस्पितळात डॉक्टर नम्रतांनी पायाला हात लावला. "काका, चोळलं का कुणी?"

"थोडंसं," रामदास पुटपुटला.

स्कॅन झाला. "गुडघ्यामागची धमनी फुग्यासारखी फुगली होती, ती फुटलीय. आत्ताच ऑपरेशन केलं नाही तर पाय जाईल."

"आणि केल्यावर?" कांताने विचारलं.

"आम्ही प्रयत्न करतो, मावशी."

डाव्या मांडीतली शीर फार बारीक निघाली, म्हणून उजवी मांडी चिरून मला काढलं. साचलेलं रक्त उपसलं, फुटलेला भाग दोन्हीकडून बांधला आणि त्याला वळसा घालून मला धमनीला शिवलं, तेही उलटी करून. माझ्या झडपा रक्ताला एकाच दिशेने सोडतात, म्हणून. जन्मभर मी संथ रक्त वर नेलं होतं. चिमटे सुटले तेव्हा धमनीचा पहिला ठोका असा आदळला, की वाटलं, आपण फाटणार. टिकले. पाऊल कोमट झालं. दोन बोटं मात्र गेली. माझ्या हातून रक्त उशिरा पोचलं.

त्याच स्कॅनमध्ये उजव्या गुडघ्यामागेही एक फुगा दिसला, जरा लहान. "डाव्या पायाची जखम भरली की लगेच या. आणि बिडी बंद," डॉक्टरांनी बजावलं होतं.

जखम भरून वर्ष होत आलं. कांता रोज विषय काढते.

"अहो, उद्या जाऊया का?"

"दुखत नाही ना? मग कशाला त्याला डिवचायचं?" असं म्हणून तो गॅलरीत जाऊन बिडी पेटवतो. तो धूर माझ्यापर्यंत पोचतो. मी आतून अरुंद होत चाललेय.

रामदासा, दुखत नाही तोवरच जा. उजवा फुगा फुटला, तर धावपळीत शीर कुठून आणतील? माझ्या जुन्या जागी आता व्रणाखाली काही नाही. मी इथे शिवलेली आहे. दोन्ही पायांना मी पुरणार नाही.