गिलाव्यामागची भिंत

वाचकहो, घरात गवंडी काम करत असताना आपण कुठे असतो? बहुतेक वेळा कचेरीत! संध्याकाळी येऊन नवा रंग पाहतो, मान डोलावतो, आणि त्या रंगामागे काय आहे हे विचारायचं राहूनच जातं. बंगळूरच्या गवीपुरमात राहणाऱ्या भगवंतरावांचंही तसंच झालं. फक्त त्यांचं न विचारण्याचं कारण जरा वेगळं होतं.

भगवंतराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क. अर्जावर तारीख नसली तरी तो परत पाठवणारा माणूस! घर जुनं, भिंती दगडमातीच्या, वर लाकडी तुळयांवर विटा-चुन्याचं जड छत. मागच्या खोलीत तुळईखाली भिंतीला तिरका तडा गेला होता. वर्षानुवर्षं त्याच्याकडे सगळ्यांनी कानाडोळा केला. पण १९६७च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला, वर्तमानपत्रांत पडलेल्या घरांचे फोटो आले आणि भगवंतरावांचं लक्ष त्या तड्याकडे गेलं. कारण त्याच खोलीत दोन महिन्यांनी त्यांची मुलगी विमला पहिल्या बाळंतपणासाठी येणार होती.

घर मजबूत करून घ्यायचं ठरलं. कंत्राटदार शोधावा लागलाच नाही. विमलाचे सासरे हंबीरराव स्वतःच कंत्राटदार!

"भिंतींतून आरपार लोखंडी सळ्या घालतो," हंबीरराव म्हणाले, "दोन्ही टोकांना चकत्या आवळतो. मग भूकंपाचा बाप आला तरी घर हलायचं नाही."

कागद केला का? छे! तीनशे वर्षांपूर्वी इथे येऊन राहिलेली मराठी घरं ती किती, आणि निम्मी तरी एकमेकांची सोयरी. व्याह्याकडे कागद मागायचा म्हणजे त्याचा अपमानच की! त्याच्या कामावर उभं राहून पाहणं तर त्याहून वाईट. म्हणून पहिल्या दिवशी नारळ फोडून, विडा देऊन भगवंतराव छत्री घेऊन कचेरीत निघून गेले. त्यांच्या पत्नी सकवारबाई कामगारांना रोज उप्पिट्टू, म्हणजे आपला उपमा, आणि कॉफी देत. भिंतीकडे मात्र त्यांनीही मान वर करून पाहिलं नाही. दहा दिवसांत नवा गिलावा, त्यावर पोपटी रंग! सगळे खूश झाले.

पुढच्याच आठवड्यात सकवारबाईंचे थोरले भाऊ रघुजी आले. ते निवृत्त ओव्हरसियर. जावई कोयनेच्या धरणावर नोकरीला होता, म्हणून महिनाभर तिकडे मदतीला राहून नुकतेच परतले होते. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, घराला बाहेरून एक फेरी मारली आणि विचारलं, "भगवंतराव, चकत्या कुठं आहेत?"

"आत असतील, अण्णा. गिलाव्याखाली."

"असतील? तुम्ही पाहिल्यात?"

"व्याह्यांचं काम तपासायचं? शोभतं का ते!"

जुना तडा जिथे होता तिथे रघुजींनी खळीने कागदाची एक पट्टी चिकटवली आणि त्यावर तारीख लिहिली. "ही पंधरा दिवस अशीच राहू दे. भिंत सरकली तर फाटेल," एवढंच म्हणाले.

विमला आली. भिंतीशेजारी तिची खाट पडली. पट्टी लावल्याच्या तेराव्या दिवशी सकाळी सकवारबाई खोली झाडायला गेल्या आणि केरसुणी हातातच राहिली. पट्टी मधोमध फाटली होती! पोपटी रंगावर केसाएवढी रेघ उमटली होती.

त्यांनी मुलीला हाताला धरून पुढच्या खोलीत नेलं आणि नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "माझी पोर त्या भिंतीखाली निजायची नाही. व्याह्यांना तुम्ही विचारता की मी विचारू?"

"अगं, ते रागावले तर? उद्या विमलाला सासरी कसं वागवतील?"

"आणि भिंत पडली तर सासरी जाईल कोण?"

रविवारी भगवंतरावांनी हंबीररावांना आणि रघुजींना कॉफीला बोलावलं.

हंबीरराव जरीचा रुमाल बांधून ऐटीत आले. भगवंतरावांनी त्यांना थेट मागच्या खोलीत नेलं. ते म्हणाले, "हंबीरराव, सळ्या कुठं आहेत ते स्वल्प दाखवा, जरा बघू द्या."

हंबीररावांच्या भुवया चढल्या. "अठरा वर्षं या धंद्यात आहे. आपल्या माणसांत आजवर असं कोणी विचारलं नाही! सोयऱ्यावर संशय?"

"संशय नाही, चौकशी," रघुजी शांतपणे म्हणाले. "कोयनेला मी अशाच भिंती पाहिल्या. आतला दगड आत पडला, बाहेरचा बाहेर, कारण दोघांना बांधून धरणारं मधे काही नव्हतं. मग छत खाली आलं. त्या भिंतीही कुणीतरी विश्वासानंच बांधून घेतल्या असतील की!"

हंबीरराव जायला वळले. तेव्हा भगवंतरावांनी त्या रिकाम्या खाटेकडे बोट दाखवलं.

"रागावा, पण कॉफी घेऊन जा. इथंच बसून घ्या. या खाटेवर तुमचं नातवंड निजणार आहे."

हंबीरराव बसले. पेला हातात घेतला. नजर वर गेली. डोक्यावर तुळईचं टोक, त्याखाली ती फाटलेली पट्टी. कॉफी तशीच राहिली. ते उठले, रुमाल काढून खाटेवर ठेवला आणि सकवारबाईंना म्हणाले, "अक्का, हातोडी द्या."

पहिला ठोका पोकळ वाजला. दुसऱ्या ठोक्याला गिलावा निखळला आणि आतली कोरडी माती भुरभुर खाली आली. सळी नव्हती! एकही नव्हती!

"मेस्त्री म्हणाला घातल्या, मी सरी, बरं म्हणालो," हंबीरराव खालच्या आवाजात बोलले. त्यांचे डोळे भरून आले होते. "तुम्ही बघणार नाही हे ठाऊक होतं. म्हणून मीही बघितलं नाही. अण्णा, कागद घ्या. सळ्या किती, जाड किती, कुठल्या भिंतीला, सगळं लिहा. मी सही करतो!"

काम पुन्हा सुरू झालं. या खेपेला भगवंतरावांनी रजा काढली आणि एकेक सळी बोट लावून मोजली. भिंतीच्या दोन्ही अंगांना धरणारे लांब दगड बसले. तड्यात चुना भरला. बाहेरच्या चकत्या झाकू द्यायला हंबीररावच तयार होईनात. "दिसू देत! ज्याला मोजायच्या त्यानं मोजाव्यात!"

रघुजींची नवी पट्टी महिना उलटला तरी अखंड राहिली. तोवर विमलाला मुलगी झाली होती. बारसं त्याच खोलीत! साऱ्या सोयऱ्यांनी घर भरलं, आणि बाळाआधी लोकांनी भिंतीवरच्या चकत्याच पाहिल्या. "हंबीरराव, आमच्याही घराला करून द्या," चौघेजण एकदमच म्हणाले.

"देतो! पण आधी कागद," हंबीरराव गरजले. "आणि काम चालू असताना घरचा माणूस तिथं उभा हवा. नाहीतर मी येणार नाही!"

मंडळी, आपल्या माणसावर विश्वास जरूर ठेवावा, पण विश्वास म्हणजे न विचारणं नव्हे. घर बांधताना आणि सांधताना विचारावं, लिहून घ्यावं, उभं राहून पाहावं. त्याने नातं तुटत नाही. या घरात तर ते पक्कं झालं.

पाळणा टांगायची वेळ आली तेव्हा हंबीररावांनी सगळ्यांना थांबवलं. तुळईचा दोर दोन्ही हातांनी धरून, पाय उचलून, आपल्या भरभक्कम देहानिशी ते लोंबकळले. मातीचा कणही खाली पडला नाही. दोर सोडून त्यांनी विमलाकडे पाहिलं.

"आता घाल पोरीला पाळण्यात," ते म्हणाले.