उसना शुक्रवार

ताईची पणजी सुईण होती. नदीपल्याडच्या निम्म्या माणसांनी पहिला श्वास तिच्या हातांत घेतला. ताईची आजी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. ती नुसती खाकरली तरी वर्ग चिडीचूप होई. ताईची आई सभागृहाची सदस्य झाली, अखेरपर्यंत विरोधी बाकांवर बसली आणि कुणाचीही भीडभाड न ठेवता बोलली. अशा तिघींच्या वंशात जन्मलेल्या बाईला कुणापुढे हात पसरण्याची सवय नसते. तरीही ताईच्या घरावर एक उसनवारी होती आणि ती पैशांची नव्हती. तिच्या आईने एका माणसाचा एक शुक्रवार घेतला होता.

त्याची हकीकत अशी. सभागृहात शुक्रवारची दुपार सरकारची नसते. त्या दुपारी साध्या सदस्यालाही स्वतःचे विधेयक मांडता येते. मात्र त्यासाठी त्याच्या नावाची चिठ्ठी निघावी लागते, आणि तिची वाट पाहता पाहता भल्याभल्यांचे केस पिकतात. आईचे दुखणे हाताबाहेर गेले त्या साली चिठ्ठी निघाली ती सत्ताधारी बाकांवरच्या एका तरुण सदस्याची. रस्त्याकडेची जुनी झाडे वाचवावीत, असे त्याचे विधेयक होते. तो अध्यक्षांकडे गेला आणि आपली दुपार त्याने ताईच्या आईला देऊन टाकली. आई बसूनच बोलली. सुइणींच्या निवृत्तिवेतनाचे तिचे विधेयक मंजूर झाले, आणि पुढचा शुक्रवार काही तिने पाहिला नाही. त्या तरुणाची चिठ्ठी पुन्हा कधीच निघाली नाही.

"त्या पोराचा एक शुक्रवार आपल्याकडे आहे," आईने लेकीला बजावले होते. "ठेवून घेऊ नकोस."

तो पोरगा आता अप्पा झाला होता, सत्ताधारी पक्षाचा मुख्य प्रतोद. आणि ताई झाली होती विरोधकांची. मतदानाची घंटा वाजली की आपली माणसे उपाहारगृहातून, व्हरांड्यातून, झोपेतूनसुद्धा उठवून आत आणायची, हे प्रतोदाचे काम. आणखी एक काम बाहेरच्या जगाला दिसत नाही: अधिवेशनाआधी समोरच्या प्रतोदाबरोबर बसून कोणत्या दिवशी काय घ्यायचे ते ठरवायचे. सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारी ही दोघे त्यासाठी मागच्या लहानशा खोलीत बसत. तिथे एक डुगडुगते टेबल होते, कागदाची घडी घालून त्याचा पाय सावरलेला असे, आणि चहा नेहमी गार होऊनच पोटात जाई.

"सोमवारी शोकप्रस्ताव, मग पुरवणी मागण्या," अप्पा म्हणाले. "मंगळवारी तुमची आरडाओरड."

"तिला चर्चा म्हणतात, अप्पा."

"तेच ते. किती वेळ चालणार?"

"तुमचे मंत्री उत्तर देईपर्यंत. म्हणजे अधिवेशन वाढवावं लागेल."

अप्पा मिशीत हसले. बुधवार शाळांच्या चर्चेत गेला. मग बंदराच्या विधेयकावरचे मतदान आले आणि त्यांचे हसू मावळले.

"ते सोमवारीच उरकून टाकू."

"शोकप्रस्तावाच्या दिवशी मतदान? दिवंगतांना तरी सुखानं जाऊ द्या. गुरुवारी घ्या."

"गुरुवार सोडून बोल, पोरी."

"का?"

"मी म्हणतो म्हणून."

ताईने कान टवकारले. या धंद्यात ती मुरलेली होती. जो प्रतोद एखाद्या तारखेला कुणाला हात लावू देत नाही, त्याची माणसे त्या दिवशी कमी भरणार असतात, हा तिचा अनुभव. सरकारचे बहुमत तर असे पातळ, की सत्ताधारी बाकांवर कुणाला पडसे झाले तरी सरकारला शिंक यायची. गुरुवारी यांचे दोघे-तिघे कुठेतरी लग्नाला जाणार, असा तिने तर्क केला आणि गुरुवार घट्ट धरला. बदल्यात मंगळवारचे आपले दोन तास सरकारी कामाला सोडले. बुधवारचा प्रश्नोत्तरांचा वेळही थोडा सोडला.

अप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा चढवला.

"घे गुरुवार," ते म्हणाले.

त्यावर कोटी नाही, टोमणा नाही. ताईच्या ते ध्यानात आले. पण जिंकलेल्या माणसाला असल्या गोष्टींत फार वेळ घालवावासा वाटत नाही. शिवाय तिचे मन पुढच्या दिवसावर होते. त्या शुक्रवारसाठी, आयुष्यात पहिल्यांदा, तिच्या नावाची चिठ्ठी निघाली होती. कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांसाठी जागेवरच पाळणाघर असावे, असे तिचे विधेयक होते. तिच्या मतदारसंघातल्या शिलाई कारखान्यातल्या बायका त्यावर डोळे लावून बसल्या होत्या. ठरलेल्या तक्त्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी समितीत अध्यक्षांचे शिक्कामोर्तब व्हायचे, एवढेच उरले होते.

संध्याकाळी ती घरी भाषणाची उजळणी करत होती, तोच फोन वाजला. अप्पांची बायको. ताईला त्या परकऱ्या वयापासून ओळखत, आणि ताई त्यांना काकू म्हणे.

"जेवलीस का गं?"

"अजून नाही, काकू."

"जेव वेळेवर. तुझी आईही अशीच करायची. बरं, मला एक खरं सांग. गुरुवारी तुमचं मतदान आहे?"

"असं अप्पांनी सांगितलं?"

"ते कसले सांगतात! मला म्हणाले, गुरुवारी दिवसभर तुझ्या उशाशी बसेन. पण म्हणताना चष्मा पुसत होते. लग्नापासून बघतेय, खोटं बोलताना यांचा चष्मा फार मळतो."

ताई खुर्चीत सरळ बसली. "उशाशी म्हणजे? काय झालंय तुम्हांला?"

"अगं, काही नाही. काळजाची झडप बदलायची आहे. मोठे डॉक्टर परगावाहून येतात, त्यांनी गुरुवार दिलाय. तुमचं मतदान असेल तर मी त्यांना सांगते, पुढच्या महिन्यात बघू. इतकी वर्षं चाललंय तसं आणखी महिनाभर चालेल. पण आत्ताच कळवायला हवं ना, दुसरा कुणीतरी पेशंट त्या जागी जाईल."

"डॉक्टर काय म्हणतात? चालेल महिनाभर?"

"डॉक्टरांचं काय, त्यांना घाई असते."

"काकू, तारखेला हात लावायचा नाही. ऐकताय ना? मी सांगतेय."

"अगदी आईसारखी दटावतेस," काकू हसल्या, आणि त्या हसण्यातही त्यांना धाप लागली.

फोन ठेवल्यावर ताईने ठरलेला तक्ता पुन्हा समोर ओढला. लग्नाला जाणारे दोघे-तिघे कोणी नव्हतेच. कमी भरणार होता तो एकटा अप्पा, आणि अप्पा नसला की त्याची माणसे पिसाटलेल्या कोंबड्यांसारखी चहूकडे पांगतात, हे साऱ्या सभागृहाला ठाऊक होते. त्याच्याच पक्षात त्याची खुर्ची मागणारे टपलेले होते. रजा मागितली असती तर वयाचे निमित्त करून त्यांनी ती खुर्ची काढून घेतली असती. आणि ताईकडे? 'तुझ्या घराकडे माझा एक शुक्रवार आहे,' एवढे म्हटले असते तर तिने त्याच क्षणी गुरुवार सोडला असता. तो एक शब्द बोलला नाही.

तिला स्वतःचा राग आला. माणूस समोर बसला होता आणि आपण त्याच्याकडे न बघता त्याच्या संख्येकडे बघत राहिलो.

आता मतदान हलवायचे तर कुठे? मतदान सोमवारी नको म्हणून तो दिवस तिनेच इतर कामांनी भरायला लावला होता, आणि मंगळवार, बुधवारही घासाघीस करून काठोकाठ भरले होते. मोकळी म्हणावी अशी एकच दुपार उरली होती, आणि ती तिची होती.

पण नुसती तिची नव्हती. तिने शिलाई कारखान्यातल्या पुढारीण बाईला फोन लावला. तिला सगळ्याजणी मावशी म्हणत. ताईने नाव कुणाचेच घेतले नाही. एका जवळच्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे आणि तुमचा शुक्रवार द्यावा लागेल, एवढेच सांगितले.

"मग आमचं कधी?" मावशीने विचारले.

"पुन्हा चिठ्ठी निघेल तेव्हा. खोटं बोलत नाही, कधी निघेल ते मला माहीत नाही."

"माझी नात मशीनखाली खोक्यात झोपते, ताई."

"माहीत आहे."

मावशीच्या मागे कुणाचे तरी मूल किरकिरत होते.

"राग येतोय तुमचा," ती म्हणाली. "पण न विचारता दिलं असतंत तर जन्मभर तोंड बघितलं नसतं. द्या. आणि चिठ्ठी निघेपर्यंत आम्ही गप्प बसणार नाही, मालकाच्या दारात बसू. तुम्ही पण यायचं बसायला, उन्हात."

"येईन."

सकाळी समितीच्या दाराशी तिच्या पक्षाचे नेते भेटले. दादा म्हणत त्यांना. बेत ऐकून ते जागच्या जागी थबकले.

"वेडबिड लागलंय का? गुरुवारी त्यांना पाडायची संधी आहे!"

"दादा, त्यांना पाडायला मला आवडेल. दवाखान्याच्या दारात पाडायला आवडणार नाही. हे तुमच्या पोटात राहू द्या आणि आत माझ्या बोलण्याला मान डोलवा."

दादांनी ताईच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तिच्यासाठी दार उघडून धरले.

आत अध्यक्षांनी तक्ता वाचायला घेतला. गुरुवार आला तशी ताई उठली.

"बंदराच्या विधेयकावरचं मतदान शुक्रवारी दुपारी घ्यावं. माझं विधेयक मी मागे घेते."

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिले. "कारण?"

"माझी तयारी झालेली नाही."

खोलीत कुणीतरी खुसखुसले. ज्या बाईने तयारीवाचून कधी साधा प्रश्नसुद्धा विचारला नव्हता, ती हे उभी राहून, मान ताठ ठेवून म्हणाली. सत्ताधाऱ्यांच्या बाजूने एक जण कुजबुजला, "ताईही थकल्या वाटतं." तिने ऐकले आणि ऐकून घेतले. अप्पा तिच्याकडे बघत नव्हते. ते चष्मा पुसत होते.

"सरकार पक्षाची हरकत?" अध्यक्षांनी विचारले.

"नाही," अप्पा म्हणाले. चष्मा चढवून पुन्हा म्हणाले, "हरकत नाही."

बाहेर त्यांनी तिला गाठले.

"तिनं फोन केला होता ना तुला?"

"कुणी का करेना. तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"कसं सांगणार, पोरी? सांगितलं की मागितल्यासारखं झालं असतं. तुझ्या आईला दिलेल्याची वसुली करू होय?"

"अप्पा, तुम्ही फार हट्टी आहात."

"हे तुझ्या आईच्या लेकीनं मला म्हणावं?" ते म्हणाले, आणि झर्रकन वळून निघून गेले. कारण म्हाताऱ्या प्रतोदाने व्हरांड्यात डोळे पुसलेले बरे दिसत नाही.

गुरुवारी अप्पांची जागा रिकामी होती आणि सभागृहात एका कालव्यावर शांतपणे चर्चा चालली होती. कुणाला कशाचा पत्ता लागला नाही.

शुक्रवारी दुपारी घंटा घणघणली. ताईने आपला एकूण एक माणूस आत आणला, एकाला तर दाढीच्या साबणासकट. फेड करायची म्हणून लढाईत ढिलाई करायची, हे तिच्या रक्तात नव्हते. अप्पांनीही आपले सगळे आणले. मोजणी झाली, ताईचा पक्ष एका मताने हरला. जी दुपार तिच्या भाषणाने भरायची ती समोरच्या बाकांवरच्या टाळ्यांनी भरली, आणि ती हाताची घडी घालून, ताठ बसून राहिली.

टाळ्या थांबल्यावर अप्पा मधली मोकळी जागा ओलांडून तिच्या बाकापाशी आले. दोन दिवसांची दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला.

"उठून बसली," ते म्हणाले. "पेज बेचव आहे म्हणून नर्सशी भांडली."

"मग बऱ्याच झाल्या म्हणायच्या."

"आणि तुला निरोप आहे, वेळेवर जेव म्हणून."

ताईने मान हलवली. अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, साऱ्या सभागृहादेखत, आपल्या पक्षाच्या आणि तिच्या पक्षाच्या डोळ्यांदेखत.

"तुझ्या आईकडचा माझा शुक्रवार पोचला, पोरी," ते म्हणाले. "काही बाकी नाही."