बिसनलालांचे पाय

दवनीवाड्याच्या बिसनलाल राहांगडाल्यांचे मांडीचे हाड ट्रॅक्टरवरून पडून मोडले. गोंदियातल्या एका खासगी दवाखान्यात त्यात सळई घातली गेली, आणि जखम भरून येण्याऐवजी पुवाने भरून आली. तपासणीत निघाले की जखमेतला जंतू नेहमीच्या कोणत्याही प्रतिजैविकाला दाद देत नाही. दुसरा माणूस हबकला असता. बिसनलालांची मान मात्र उशीवरच ताठ झाली.

"पाहिलं? आपला जंतूही आलतूफालतू दवाईले भेत नाई," ते पत्नीला म्हणाले.

"भेईल कायले?" दुलारीबाई उसळल्या. "जन्मभर तुमीच पोसला ना त्याले! शिंक आली की गोळी. बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या फडताळात, अन् पुढच्या तापाले त्याच."

डॉक्टरांनी या वादात कोणाचीच बाजू घेतली नाही, कारण त्या गोळ्या वर्षानुवर्षे त्यांनीच लिहून दिल्या होत्या. त्यांनी बिसनलालांना वेगळ्या खोलीत हलवले आणि हात धुण्याविषयीचे सचित्र फलक दारावर लावले. फलक इतके सुबक होते की लोक थांबून ते आदराने वाचत आणि न धुतलेल्या हातांनी समाधानाने आत शिरत.

अडचण होती ती रिवाजाची. आजाऱ्याची पत त्याला भेटायला किती माणसे येतात यावर ठरे, आणि वयाने लहान असलेला प्रत्येक जण त्याच्या पाया पडे. बिसनलालांच्या बाबतीत निम्मे गाव वयाने लहान होते.

"काका, पाय शिवू देऊ नका," अल्का सिस्टर पट्टी बदलताना म्हणाली. "हा जंतू त्यांच्या हाताला लागतो आणि तिथून दुसऱ्या पेशंटला."

"पोरी, ज्या पायाले गाव शिवते ते मी झाकून ठेवू? मेलेल्याचे झाकतेत."

सिस्टरने हातमोजे उतरवून टाकले.

अशात त्याच दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बिसनलालांची सून योगेश्वरी दिवस पुरे भरण्याआधीच बाळंत झाली. नातू झाला, पण मूठभर जिवाचा. घरची समजूत अशी, की जन्मल्यावर ज्याच्या बोटाने बाळ पहिला मध चाटते त्याचा स्वभाव ते घेते. आपल्यासारखा पुरुष पृथ्वीतलावर पुन्हा घडवण्याची ही संधी पाय मोडल्यामुळे हुकावी, याचे बिसनलालांना जे दुःख झाले ते हाड मोडल्याच्या दुःखाहून थोर होते. डॉक्टरांनी बाळाला मध मुळीच देऊ नये असे बजावले होते; पण डॉक्टरांचे ऐकण्याची सवय त्या घरात कोणालाच नव्हती.

तेवढ्यात चुलतभाऊ श्यामलाल पाचसहा माणसे घेऊन आत आला. त्याने भक्तिभावाने दोन्ही पाय चेपले, मांडीवरची पट्टी नीट बसली आहे ना हे बोटाने दाबून पाहिले, आणि खिशातून बाटली काढली.

"भाऊ, तुमाले तं जाता येत नाई. आता सीधा वर जातो अन् पोट्ट्याले मीच मध चाटवतो."

नातू श्यामलालच्या वळणावर जाणार, या कल्पनेने बिसनलाल आधी संतापले. मग त्यांची नजर त्या बोटावर गेली. पट्टीची कड ओली होती, आणि बोटही.

"श्याम, हात धू."

"कायले जी? तुमच्या पायाचा परसाद आहे हा!" दारातली मंडळी हसली.

"धू म्हणतो ना!"

"येऊन धुतो, भाऊ," म्हणत तो वळला.

बिसनलालांच्या ध्यानात आले, की जंतूची भीती घालून हा माणूस थांबणार नाही. त्याला थांबवील असे एकच वाक्य होते, आणि ते उच्चारायला त्यांची जीभ साठ वर्षांत कधी वळली नव्हती.

"परसाद नोहोय रे, घाण आहे!" ते ओरडले. "माझे पाय घाण आहेत! पू लागला आहे तुझ्या बोटाले. लेकराच्या तोंडात घालशील तं मरून जाईल ते! कोणी शिवू नोका माझ्या पायाले!"

श्यामलालने बाटली मुकाट्याने खिडकीत ठेवली आणि तो बेसिनकडे गेला. त्याच्यामागे बाकीचेही गेले. एवढ्या माणसांनी एकाच वेळी आपल्याकडे पाठ फिरवलेली बिसनलालांनी आयुष्यात प्रथमच पाहिली. त्यांना ते अत्यंत अपमानास्पद वाटले, आणि तरीही ते कोपरावर रेलून एकेकाच्या नावाने ओरडत राहिले.

"छोटेलाल, नखं राहिली! घास अजून!"