टाकीच्या तोंडाशी

इंजिनांचं खातं बंद होणार ही बातमी अण्णांना जेवणाच्या सुट्टीत कळली आणि हातातला घास हातातच राहिला. कारखान्यातून आता बॅटरीवरच्या गाड्या निघणार होत्या. इंजिन जोडण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांचं काय? "कुणालाही घरी बसवणार नाही, प्रत्येकाला नवं काम शिकवू," असं मोठ्या साहेबांनी माईकवरून सांगितलं. अण्णांच्या वाट्याला सांडपाण्याचं खातं आलं. रंगखात्यातून येणारं रंगीत, विषारी पाणी तिथं साफ व्हायचं आणि मगच नदीत सोडलं जायचं.

काम काही वाईट नव्हतं. पण त्यातला एक भाग ऐकूनच अण्णा हबकले. गाळाच्या टाकीत उतरायचं होतं. बंद जागेचं त्यांना विलक्षण भय वाटे. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. लिफ्ट समोर आली की "गुडघ्यांना व्यायाम हवा" म्हणत ते जिन्याकडे वळायचे आणि बघणारे त्यांच्या तब्येतीचं कौतुक करायचे.

त्यातून शिकवणारी कोण, तर खुद्द त्यांची सून! ती पर्यावरण विभागात होती आणि नव्या लोकांना तयार करायचं काम तिच्याकडेच होतं. पहिल्या दिवशी अण्णा वर्गात उभे राहून म्हणाले, "मॅडम, आत येऊ का?" सगळा वर्ग खो खो हसला. सून लाजून म्हणाली, "अण्णा, अहो बसा ना. सकाळी चहा तुम्हीच दिलात मला."

शिकवताना मात्र ती कुणाची सून नसायची. एकच गोष्ट ती पुन्हा पुन्हा घोकून घ्यायची. "गाळात गॅस साचतो. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. गॅस वाढला की नाक मरतं आणि वासच येईनासा होतो. तेव्हा वास गेला म्हणून खूश होऊ नका. आणि आत कुणी पडलं, तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. पडणारा सख्खा भाऊ असला तरी नाही. वरूनच ओढायचं. उडी मारली की एकाचे दोन मुडदे होतात."

अण्णा मान हलवायचे. पण घरी अंथरुणावर पडलं की डोळ्यांपुढे टाकीचं गोल, काळं तोंड यायचं आणि अण्णा उठून बसायचे.

प्रात्यक्षिकाचा दिवस उजाडला. टाकी रिकामी करून धुतली होती, तळाशी तेवढा गाळाचा थर उरला होता. तोंडावर लोखंडी तिपाई उभी होती, तिच्या पायाला दोर गुंडाळायचं यंत्र होतं. बाजूला हवा फुंकणारा ब्लोअर घरघरत होता आणि त्याचा वीतभर जाड पाइप टाकीत सोडला होता. पाइपावर लक्ष ठेवायला वेल्डर होता. हा अण्णांच्याच तुकडीतला, दांडगा आणि बडबड्या. यंत्राच्या दांड्यापाशी अण्णा उभे होते.

सुनेने गॅस मोजायचं मीटर दोरीने खाली सोडून हवा तपासली. आकडे ठीक होते. "आधी मी उतरते. मग अण्णा, तुम्ही," ती म्हणाली. अण्णांना वाटलं, आत्ताच सांगून टाकावं, की बाई गं, मला नाही जमायचं. पण चारचौघांत जीभ रेटेना.

पाठीच्या पट्ट्याला दोर अडकवून ती शिडीवरून उतरू लागली. तिचं पिवळं हेल्मेट लहान लहान होत गेलं. "पोचले!" असा घुमणारा आवाज आला.

तेवढ्यात वेल्डरने उभं राहायला जागा करावी म्हणून पाइप जरा बाजूला सारला. पाइप टाकीबाहेर निसटला आणि तिपाईमागे जाऊन पडला. ब्लोअरची घरघर तशीच चालू होती, त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही. खाली हवा जायची थांबली होती आणि सुनेचा बूट गाळाचा वरचा पापुद्रा फोडून आत रुतला होता, तिथून साचलेला गॅस सुटत होता.

खाली सोडलेलं मीटर किंचाळू लागलं.

"वर ये!" अण्णा ओरडले. तिने मान वर केली, शिडीला हात घातला, दोन पायऱ्या चढली. मग तिचा हात सुटला. ओरडली नाही, काही नाही. दिवा मालवावा तशी ती दोराला लोंबकळली.

"मॅडम!" वेल्डर तोंडाकडे झेपावला. एक पाय त्याने आत टाकलासुद्धा. अण्णांनी त्याची कॉलर धरून त्याला मागे खेचलं. आपल्यात एवढी ताकद कुठून आली ते त्यांनाही कळलं नाही.

"सोडा मला! तुमची सून आहे ती!"

"माझी आहे म्हणूनच सांगतो, मागे हो! पाइप बघ, पाइप! आत घाल तो! आणि दवाखान्याची गाडी बोलव!"

अण्णा दांडा फिरवू लागले. टक, टक, टक. यंत्र आपल्याच चालीने दोर गुंडाळत होतं, त्याला घाई ठाऊक नव्हती. हेल्मेट हळूहळू वर येत होतं. आणि मध्येच दांडा अडला. अण्णांनी सगळं अंग टाकलं, दांडा हलेना. खाली पाहिलं तर तिच्या खांद्याचा पट्टा शिडीच्या दांडीखाली अडकला होता. आणखी ओढलं तर पट्टा तुटेल. सोडवायचा तर दोर ढिला करायला हवा. म्हणजे तिला पुन्हा खाली, त्या गॅसमध्ये सोडायला हवं.

अण्णांना घर आठवलं, लेक आठवला. आपल्याच हातांनी सुनेला मरणाच्या तोंडी द्यायचं? आणि तिथून ती परत वर आलीच नाही तर? त्याला तोंड कसं दाखवायचं? कानात तिचाच आवाज घुमत होता. वरूनच ओढायचं.

"पोरी, माफ कर," ते पुटपुटले आणि दांडा उलटा फिरवला.

ती खाली गेली. तिचे बूट गाळाला लागले. अण्णांनी तिपाईचा दोर हाताने धरून बाजूला झटकला. पट्टा सुटला की नाही, अंधारात दिसेना. त्यांनी डोळे मिटले आणि दांडा सुलटा फिरवायला घेतला. टक, टक, टक. या वेळी तो अडला नाही.

वेल्डरने तिला काखेत धरून बाहेर घेतलं. चेहरा राखेसारखा झाला होता, ओठ निळे पडले होते. तिनेच शिकवल्याप्रमाणे वेल्डर तिच्या छातीवर दाब देऊ लागला. तो रडत होता आणि मोजत होता. अण्णा तिचे पाय धरून नुसते बसून राहिले. मग तिला एक ठसका लागला. अण्णांना तो ठसका एवढा गोड वाटला, की ते तिथंच फरशीवर कपाळ टेकून हमसून हमसून रडले.

आठवडाभर दवाखान्यात राहून ती घरी आली. अण्णांचा मुलगा म्हणाला, "खड्ड्यात गेली ती नोकरी!" चौकशी झाली. पाइप आपणच सरकवला, हे वेल्डरने आपणहून सांगितलं. तिने वर कळवलं की एकट्या वेल्डरला धरू नका, पाइप नुसता सोडला होता, तो बांधायची सोय मीच करून घ्यायला हवी होती. पुढे टाकीतला गाळ बाहेरूनच यंत्राने उपसायचं ठरलं. माणूस आत जाणार तो फक्त दुरुस्तीपुरता, आणि तोही हवेचं नळकांडं पाठीवर घेऊन.

ती कामावर परतली तेव्हा नवी तुकडी आली होती. अण्णा आता त्या खात्यात रुळले होते. वर्गात ती पूर्वीसारखीच खणखणीत बोलली. टाकीपाशी मात्र झाकण उघडताच तिचे पाय थबकले. नवे लोक तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

अण्णा म्हणाले, "चला रे, आधी चहा घेऊन या सगळे." लोक पांगले.

"अण्णा, मला जवळ जाववत नाही," ती हळूच म्हणाली. "शिकवणारीच घाबरली तर कसं व्हायचं?"

"मला तर पहिल्यापासून भीती वाटते. लिफ्टमध्येसुद्धा मी पाऊल टाकत नाही. कुणाला बोललो नाही, एवढंच."

"मग त्या दिवशी तुम्हाला उतरवायला निघाले होते मी! सांगायचं नाही का, अण्णा?"

"आता सांगतोय ना. तूही सांग त्यांना. परत आले की सगळ्यात आधी तेच सांग."

लोक चहा घेऊन आले. ती झाकणापासून चार हात लांब उभी राहिली आणि म्हणाली, "मी यात बेशुद्ध पडले होते. मला अजून भीती वाटते. तुमच्यापैकी कुणाकुणाला वाटते, त्यांनी हात वर करा."

आधी कुणीच हलेना. मग मागच्या रांगेतल्या एका बाईने हात वर केला.